रुमोंदांग आणि तिचे ठिपके

आमची दोन माणसं एकमेकांना भेटली की पहिला अर्धा तास कामाचा नसतो. नाव कुणी विचारत नाही; थेट नाव विचारणं हा आमच्याकडे आगाऊपणा समजतात. कूळ कोणतं, आजोळ कोणतं, पणजोबा कुठल्या शाखेचे, असं खणत खणत जायचं. मग कुणीतरी मांडीवर थाप मारून ओरडतं, "अरे, म्हणजे मी तुझा मामा लागतो की!" त्या क्षणापासून पन्नाशीचा गृहस्थ तिशीतल्या पोराला वाकून मान द्यायला लागतो आणि कॉफी कुणी ओतायची हेही ठरून जातं.

मेदान शहरातल्या रुमोंदांगने हा अर्धा तास वाचवायचा घाट घातला होता. कूळ कोणतं ते मी सांगत नाही, नाहीतर उद्या निम्मं मेदान नातं काढत माझ्या दारात उभं राहील. तिच्या मामाच्या कुळाचं सभागृह होतं, आणि मामाच्या कुळासाठी भाचीने राबायचं ही आमची रीत. एरवी भाच्या लग्नात भांडी घासतात, भात वाढतात. रुमोंदांगला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सर्व्हर चालवायची नोकरी करून तिची वर्षं गेली होती. म्हणून तिने सभागृहामागच्या खोलीत, जिथे पूर्वी जेवणावळीची पातेली ठेवायची, तिथे एक सर्व्हर मांडला. खोलीला डुकराच्या रश्श्याचा वास मात्र कायमचा राहिला.

साधा तक्ता माणसांना रकान्यात बसवतो, आणि आमची माणसं रकान्यात बसणारी नाहीत. एकच बाई एकाची आत्या, दुसऱ्याची सासू, तिसऱ्याची मावशी, आणि तिघंही तिच्याशी वेगवेगळ्या कारणांनी भांडलेले. त्यामुळे रुमोंदांगने निराळ्या जातीचा डेटाबेस निवडला: प्रत्येक माणूस एक ठिपका आणि प्रत्येक नातं एक रेघ. कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवा, रेघ धरून चालायला लागा, कुळाच्या मूळपुरुषापर्यंत जाऊन पोचाल.

शिवाय आमच्याकडे माणसाचं नाव वयाबरोबर पालटतं. पहिलं मूल झालं की बाई त्या मुलाची आई होते, पहिलं नातवंड झालं की त्याची आजी, आणि मग मरेपर्यंत तेच तिचं नाव. बाप्तिस्म्याचं नाव तोंडावर घेतलंत तर शिव्या खाल. कित्येक नातवांना आजोबांचं खरं नाव थडग्यावरच पहिल्यांदा वाचायला मिळतं. रुमोंदांगने त्यावरही तोड काढली होती. 'पारुलियानची आजी' असं टाइप केलं की सर्व्हर पारुलियानचा ठिपका शोधायचा, तिथून दोन रेघा वर चढायचा आणि म्हातारीला पुढ्यात उभी करायचा. लग्नाच्या मांडवात हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या होत्या.

म्हाताऱ्यांची अट एकच होती, आणि ती घातली मांगातूर मामांनी, म्हणजे रुमोंदांगच्या आईच्या थोरल्या भावाने. ज्याचं मूळ वंशावळीत सापडत नाही त्याला आत घ्यायचं नाही. रुमोंदांगने तसा नियम सर्व्हरला घालून दिला. नव्या नोंदीतलं नातं एखाद्या असलेल्या ठिपक्याशी जुळलं तर आत, नाहीतर ती 'बाहेरचे' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची. त्या फोल्डरमध्ये डोकवायची कुणाला कधी गरज पडली नव्हती.

मग त्या वर्षी आमच्या मूळ गावांकडच्या मोठ्या तळ्याकाठचा कडा सुटला.

रात्रंदिवस पडलेल्या पावसाने डोंगराची कड भिजून जड झाली आणि खालच्या खेड्यांवर आली. रस्ते तुटले, टॉवर आडवे झाले. लोकांना बोटींनी उचललं आणि ज्या बोटीला जो धक्का जवळ पडला तिथे नेऊन सोडलं. कुणी शाळेत, कुणी गिरिजाघरात, कुणी पलीकडच्या जिल्ह्यातल्या आरोग्यकेंद्रात. प्रत्येक ठिकाणी नावं लिहून घेणारा वेगळा, आणि सांगणारे सगळे आपले 'अमक्याचा बाप' आणि 'तमकीची आजी'. सरकारी माणसांनी डोक्याला हात लावला. तेव्हा कुणालातरी रुमोंदांगचे ठिपके आठवले. आठवडा उलटायच्या आत सगळ्या कुळांनी आपापल्या वंशावळी आणून तिच्या सर्व्हरमध्ये ओतल्या. काठावरून येणाऱ्या नोंदी या ठिपक्यांशी जुळवायच्या आणि ज्याचं माणूस त्याला निरोप द्यायचा, असं ठरलं.

लुंबान हारियारा हे खेडं बरोबर कड्याच्या पायथ्याशी होतं, आणि रुमोंदांगची आई लामरिया तिथे एकटी राहत होती.

"पोरी, तुझं यंत्र पुन्हा झोपलं," मांगातूर मामा दारातून म्हणाले. चौकटीची लुंगी, तोंडात न पेटवलेली लवंगी सिगारेट. डॉक्टरांनी सिगारेट बंद केल्यापासून ते ती नुसती चघळत.

"झोपलं नाही मामा, मेलं. उठवते."

"बाहेर सभागृहात अख्खं तळं येऊन बसलंय. मी त्यांना काय सांगू?"

"सांगा की भाची अडाणी आहे."

"ते त्यांना कळलंच असेल आता," मामा म्हणाले आणि निघून गेले. त्यांना विनोद करायचा नव्हता. त्यांचीही बहीणच होती ती.

जुनं मशीन एवढा भार पेलेना, म्हणून एका ओळखीच्या कारखानदाराने आपल्याकडचं मोठं मशीन पाठवलं होतं आणि रुमोंदांग त्यावर सगळं नव्याने मांडत होती. घाईत माणूस जी चूक करतो तीच तिने केली. भरपूर मेमरी आहे म्हणताना सगळीच्या सगळी डेटाबेसच्या पदरात टाकली. मशीनला स्वतःला श्वास घ्यायला काही उरलं नाही, आणि गर्दी वाढली की मशीन डेटाबेसचाच गळा दाबायचं. तिने सेटिंगची फाइल उघडली. थोडी मेमरी विचार करायला, बरीचशी ठिपके हाताशी ठेवायला, आणि उरलेली मशीनला, अशी वाटणी करून सर्व्हर पुन्हा चालू केला. या वेळी तो उठून बसला.

उठल्याबरोबर तिने पहिलं काम केलं ते आईला शोधायचं. आईचं बाप्तिस्म्याचं नाव टाकलं. काही नाही. मग 'रुमोंदांगची आई' असं टाकलं, कारण रुमोंदांग एकुलती. काही नाही. सर्व्हरने आईचा जुना ठिपका दाखवला, त्याला जोडलेल्या जुन्या रेघा दाखवल्या; पण काठावरून आलेली एकही नोंद त्या ठिपक्याला येऊन चिकटलेली नव्हती. तिने बाहेर निरोप पाठवला की आता चालू आहे.

चालू कुठला! दुपारी काठावरून लांबोकचा फोन आला. आरोग्यकेंद्राच्या दारात बसून नोंदी पाठवणारा तो एक स्वयंसेवक, घसा बसलेला, तोंडाने फटकळ.

"ताई, तुमचा सर्व्हर आमच्याशी बोलत नाही. रुसलाय का?"

"इथे तर चालतोय."

"तिथे चालून उपयोग काय? माणसं इथे आहेत."

रुमोंदांगने कपाळावर हात मारला. नवा बसवलेला सर्व्हर मुळात फक्त स्वतःच्या मशीनचंच ऐकतो. बाहेरच्यांचंही ऐक, असं त्याला फाइलीतल्या एका ओळीत सांगावं लागतं. नोकरीत नव्याने आलेल्यांना हीच ओळ ती पहिल्या दिवशी शिकवायची, आणि आज स्वतः विसरली होती. तिने ओळ बदलली, सर्व्हरचं दार उघडलं, पासवर्ड बदलला, पुन्हा चालू केला. पासवर्ड दोनदा चुकला.

"आला," लांबोक म्हणाला. "बरं ऐका. परवा एक इसम आला, एका म्हातारीचा पुतण्या म्हणून सांगत होता, तिच्या कानातलं काढून घेऊन पसार झाला. तेव्हापासून तुमच्या सर्व्हरने नातं जुळवून निरोप दिल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही आणि आत सोडत नाही. फोनवर रडलं तरी नाही. तुमच्या मांगातूरसाहेबांनीच तसं ठरवलंय."

"बरोबर केलंत," रुमोंदांग म्हणाली.

काठावरच्या नोंदी येऊ लागल्या आणि सभागृहातून मधूनमधून किंकाळी उठू लागली. कुणाचा भाऊ सापडला, कुणाची सून. प्रत्येक किंकाळीला ती दचकायची, आणि खाली मान घालून पुन्हा आईचं नाव टाकायची. त्या दिवसांत तिने ते किती वेळा टाकलं याला मोजदाद नाही. ती जेवत नव्हती. मामांनी केळीच्या पानातला गोड पुडा आणून ठेवला, तो तसाच सुकला. लोकांचं माणूस सापडलं की तिला आनंद व्हायला हवा होता आणि होत नव्हता. उलट मनात यायचं, यांचं सापडतं, माझंच का नाही? असा विचार आला की तिला स्वतःची शिसारी यायची.

आता रुमोंदांगबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तिचे वडील ती लहान असतानाच गेले. आई मागावर कापड विणायची, अंगणात पाय लांब करून, कमरेला पट्टा बांधून. त्या कापडावर मुलगी शिकली, संगणकाची पदवी घेतली, मेदानात नोकरीला लागली, साबुंगान नावाच्या मुलाशी लग्न केलं. मूल बरीच वर्षं झालं नाही. सासरकडच्यांनी टोमणे मारून मारून तिला हैराण केलं, आणि मग एकदाचा मुलगा झाला. नाव ठेवलं तुंपाल. आईने नातवासाठी झोळीचं कापड विणून आणलं, पहिल्या नातवाला आजीकडून द्यायचं असतं तसं, आणि सगळ्या गावाला सांगत सुटली, "आजपासून मला लामरिया नाही म्हणायचं हां. मी तुंपालची आजी!" नाव बदलल्याचा आनंद आमच्या बायकांना सोन्यापेक्षा मोठा असतो.

तुंपाल रांगायलाही लागला नव्हता तेव्हा तापाने गेला.

त्यानंतर साबुंगान हळूहळू निघून गेला. भांडण असं काही झालंच नाही, एकेक कपडा नेत गेला. रुमोंदांग दगड झाली. तिला कुणी 'तुंपालची आई' म्हटलं की ती उठून जायची. गावी आईला तिने बजावलं, "ते नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही. तू स्वतःलाही म्हणवून घ्यायचं नाहीस. आणि ते कापड जाळून टाक." आईने मान हलवली आणि चुलीत फुंकर घालायला लागली.

आणखीही एक गोष्ट आहे. मांगातूर मामांनी वंशावळीत तुंपालचा ठिपका टाकला होता, आपल्या हाताने, चाचपडत. रुमोंदांगला तो दिसला आणि तिने तो पुसला. इतक्या हजारो ठिपक्यांत एक कमी झाला तर कुणाला कळणार आहे, असं ती तेव्हा स्वतःशी म्हणाली. मामांना कळलं होतं. पण त्यांनी विषय काढला नाही. आमच्याकडे माणसं वंशावळीवर तासन्‌तास बोलतात आणि जे बोलायचं ते तेवढं राहून जातं.

तर एका सकाळी लांबोकने फोन केला तो भांडायच्याच तयारीने.

"ताई, तुमचा सर्व्हर आमची माणसं परत फेकतोय. मी पाठवतो, तुमच्याकडून काही उत्तरच नाही. इथे लोक मला शिव्या घालतात, म्हणतात तू आमची नावं विकून खाल्लीस."

"कुणाची नावं?"

"किती सांगू? एक जण आहे, दोन्ही हात मोडलेत. म्हणतो मी पोल्ताकचा बाप. रोज पाठवतो. रोज गायब."

रुमोंदांगने सभागृहात जाऊन विचारलं, पोल्ताक कुणाचा? पुढच्याच बाकावरची होतनिदा चमकून उठली. पहिल्या दिवसापासून ती नवऱ्यासाठी तिथे बसून होती, तान्हं मांडीवर घेऊन. ती बाळंतपणाला मेदानात माहेरी आली होती आणि नवरा गावी राहिला होता. "हा काय पोल्ताक," ती म्हणाली. "पण ताई, बाप्तिस्मा व्हायचाय अजून. नाव नुसतं ठरलंय."

रुमोंदांगच्या लक्षात आलं. नवरा बाप झाला, त्याने आनंदाने नवं नाव लावलं. पण तान्ह्याचा ठिपका वंशावळीत कुणी टाकलाच नव्हता. सर्व्हर पोल्ताकला शोधायला गेला, पोल्ताक सापडला नाही, आणि नियमाप्रमाणे बापाला उचलून त्याने 'बाहेरचे'मध्ये टाकलं. नियम तिचा होता. त्या फोल्डरमध्ये अशा नोंदी खच्चून भरल्या होत्या.

तिने पोल्ताकचा ठिपका टाकला, आईबापांना रेघा जोडल्या आणि नोंद पुन्हा आत सोडली. जुळली. होतनिदा ओरडली नाही, रडलीही नाही. बाळाला घट्ट धरून म्हणाली, "बघ रे, तुझ्यामुळे सापडला." आणि मग जमिनीवर बसली ती बराच वेळ उठली नाही.

मामा खुर्ची ओढून शेजारी बसले. रुमोंदांग एकेक नोंद वाचत होती आणि मामा बाहेर ओरडून विचारत होते. कुणाची नवी नात, कुणाचा कुळात दत्तक घेतलेला जावई, कुणाचं वंशावळीत द्यायचं राहून गेलेलं मूल. ठिपका टाकायचा, रेघ जोडायची, नोंद आत. दुपारपर्यंत सभागृह निम्मं रिकामं झालं. लोक तिच्या डोक्यावरून हात फिरवून जात होते. तिला तो हात नकोसा होत होता. या सगळ्यांना आपण इतके दिवस बाहेर ठेवलं, एवढंच तिला दिसत होतं.

मग पुढची नोंद उघडली.

'तुंपालची आजी. पाय चिरडलेला.'

तिचा हात थांबला.

"तुंपाल पुष्कळ असतील," रुमोंदांग म्हणाली.

मामांनी तोंडातली सिगारेट काढून मुठीत धरली.

"मामा, आई गावात स्वतःला काय म्हणवून घेते?"

"पोरी..."

"काय म्हणवून घेते?"

"सगळं गाव तिला तेच म्हणतं. पहिल्यापासून. तू सुट्टीला यायचीस तेव्हा ती घरोघर फिरून सांगायची, पोरगी येतेय, चार दिवस मला रुमोंदांगची आई म्हणा. पोरांनासुद्धा सांगायची. तू बसमध्ये बसलीस की पुन्हा तुंपालची आजी." मामांचे डोळे भरून आले. "तिला दुसरं नातवंड कुठलं गं? एकदा मिळालेलं नाव ती कुणाला देणार?"

"तुम्हाला माहीत होतं. इतके दिवस माझ्याशेजारी बसलात आणि बोलला नाहीत?"

"मला वाटलं, संकटात सापडलेली बाई निदान सरकारी माणसाला बाप्तिस्म्याचं नाव सांगेल. आणि तुझ्यासमोर ते नाव घ्यायची माझी छाती झाली नाही. म्हातारा झालोय, पण भित्रा तेवढाच राहिलोय."

तिने नोंद पुढे वाचली. ती एकच नव्हती. पहिली बोटीवरची, मग शाळेतली, मग आरोग्यकेंद्रातली. जिथे जिथे नेलं तिथे तिथे आईने कुणा ना कुणाला धरून नाव लिहायला लावलं होतं. ओळखीच्या रकान्यात लिहिलं होतं: 'अंगाशी बाळाच्या झोळीचं कापड, सोडायला तयार नाही.' आणि त्याखाली, शोध कुणाचा, या प्रश्नापुढे प्रत्येक नोंदीत तेच उत्तर: 'तुंपालची आई, मेदान.'

ती आईला शोधत होती त्या प्रत्येक दिवशी आई तिला शोधत होती. हाक येऊन इथेच, याच खोलीत, तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर पडत होती, आणि तिने लिहिलेला नियम ती उचलून बाहेर टाकत होता. रुमोंदांग खुर्चीत पुढे वाकली आणि तिच्या तोंडातून जनावरासारखा आवाज निघाला. बाहेरचे लोक दाराशी जमले. मामांनी त्यांना हाताने मागे सारलं.

तिने फोन उचलला. "लांबोक, तुमच्याकडे एक म्हातारी आहे, तुंपालची आजी..."

"निरोप आलेला नाही ताई."

"मी तिची मुलगी आहे!"

"सगळे हेच म्हणतात. माफ करा, पण तुम्हीच नियम मोडायला लागलात तर मी इथे कुणाला अडवू? ठिपका जुळवा, निरोप पाठवा." फोन बंद झाला.

रुमोंदांगने कीबोर्ड मामांकडे सरकवला. "तुम्ही टाका. मला नाही जमणार."

"मी टाकला होता," मामा म्हणाले. रागावून नाही, अगदी हळू. "तू पुसलास. आता तुझा तू टाक."

ठिपका टाकायला फार काही लागत नाही. नाव, आईबाप, जन्म, मृत्यू. नाव लिहिताना तिचं बोट दोनदा चुकलं. तान्ह्याचा कानामागचा वास तिला आला, त्या रश्श्याच्या वासाच्या खोलीत, लख्ख. जन्म लिहिला. मृत्यूच्या जागी ती बराच वेळ थांबली आणि मग तोही लिहिला. पडद्यावर ठिपका उमटला, सुटा. तिने त्याला स्वतःशी जोडलं. सर्व्हर त्या रेघेवरून चढला, तिच्यापर्यंत आला, तिच्यावरून पुढे लामरियापर्यंत गेला, आणि इतके दिवस बाहेर पडलेल्या सगळ्या नोंदी एकदम आईच्या ठिपक्याला येऊन चिकटल्या. निरोप आपोआप गेला.

लांबोकचाच फोन आला. त्याचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता.

"ताई... तुम्ही? ही तुमचीच का?"

"कशी आहे ती?"

"पाय सडत चालला होता. कापायला घरच्या माणसाची परवानगी लागते. आम्ही वाट पाहिली, रोज नाव पाठवलं. शेवटी डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर कापला, पण उशीर झाला हो. विष वर चढलंय. सारखी तापात असते. शुद्धीवर आली की एकच विचारते, तुंपालची आई आली का."

"मी निघते. आत्ता निघते."

"रस्ता नाहीये ताई. बोट उद्या. उद्यापर्यंत..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. "मी फोन तिच्या कानाला लावतो. ऐकू येतं की नाही ते मला माहीत नाही. पण बोला. कोण बोलतंय ते आधी सांगा, नाव सांगितल्याशिवाय ती कुणाला जवळ येऊ देत नाही."

काहीतरी खसखसलं. मग श्वास ऐकू आला, जड, खरखरणारा, मध्येच थांबणारा. मामा दारात पाठ करून उभे होते.

"आई," रुमोंदांग म्हणाली, "मी तुंपालची आई बोलतेय."